बेन्यामीन गुरुजींचा उष्टा घास

आमच्या चर्चच्या तरुण संघातली दोन पोरं परवा घरी आली होती. सभेत बोलायला त्यांना कोणीतरी जुनं माणूस हवं होतं. विषय होता, ख्रिस्ती जीवनात सोबती आणि मार्गदर्शक कसे निवडावेत. "काकू, तुमच्या काळी केवढी मोठी माणसं होती, त्यांच्याबद्दल सांगा ना," असं एकजण म्हणाला. मी म्हटलं, बाबांनो, माझा घसा धरलाय. घसा काही धरला नव्हता. मार्गदर्शक हा शब्द कानावर पडला की माझ्या डोळ्यांसमोर कोंबडीची एक तंगडी येते, अर्धी चावलेली, आणि तिच्यामागे बेन्यामीन गुरुजींचा चेहरा. सभेत असलं सांगता येत नाही. लिहायला मात्र कोणाच्या बापाची भीती नाही.

बेन्यामीन गुरुजी म्हणजे नवापूर तालुक्यातल्या आमच्या लहानशा मिशन कंपाऊंडातले सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक. गोष्ट पन्नास-साठच्या दशकातली. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा. कंपाऊंडात एक चर्च, एक दवाखाना, मुलांचं बोर्डिंग आणि कौलारू क्वार्टरांची एक रांग. माझे यजमान याकोब दवाखान्यात कंपाउंडर होते. मी नंदुरबारची, लग्न होऊन तिथं गेलेली. मिशनचे गोरे साहेब सुटीवर मायदेशी गेले ते लवकर परतायचं लक्षण दिसेना, आणि पाळक नंदुरबारहून महिन्यातून एकदा प्रभुभोजन द्यायला यायचे. बाकीचे सगळे रविवार गुरुजींचे. गुरुजींनी त्या रविवारांवर असं बस्तान बसवलं की पाळक आले तरी पाहुण्यासारखे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे.

गुरुजी नगरकडचे. अंगानं मऊ, गोल, रंगानं उजळ. पांढरा कोट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, मानेभोवती रुमाल, आणि अंगाला कापराचा वास. डोंगरातलं कोणी हात जोडून जवळ आलं की हे गोड हसायचे, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि तो वळला की ओट्यावर जाऊन कार्बोलिकच्या साबणानं हात धुवायचे. डाव्या करंगळीचं नख त्यांनी हौसेनं वाढवलेलं होतं. त्या नखानं ते कान कोरायचे, दाढेत अडकलेलं काढायचे, आणि त्याच नखानं पवित्र शास्त्राचं पान उलटायचे. मी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचं सोडलं ते त्या नखापायी. याकोबांना वाटायचं मला नम्रता आली.

खोटं कशाला बोलू, गळा मात्र त्या माणसाला देवानं दिला होता. सकाळी ते ओट्यावर गायला बसले की हातातली भाकरी तव्यावर करपायची. वर डोंगरातल्या कुठल्या पाड्यावर कोणाची शेळी आजारी आहे, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत, हे सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. पुढच्या वेळी तो माणूस भेटला की गुरुजी आधी शेळीची चौकशी करायचे आणि माणूस पाघळायचा. मला याचाच जास्त राग येई. नुसता भोंदू असता तर लोकांनी केव्हाच ओळखला असता.

त्यांचा आवडता विषय संगत. दर दोन प्रवचनांआड तोच. "तांदूळ निवडावा तसा माणूस निवडावा," असं ते म्हणायचे, "खडा दाताखाली आल्यावर रडण्यात अर्थ नाही." आता या गृहस्थानं जन्मात कधी सूप हातात धरलं नव्हतं. बायको माहेरी नगरला असायची, का ते कोणी विचारत नसे, आणि गुरुजींचं जेवण कंपाऊंडातल्या घरांत पाळीपाळीनं व्हायचं. तांदूळ आम्ही निवडायचो. ते माणसं निवडायचे.

निवडायचे म्हणजे अक्षरशः निवडायचे. गुरुजींना कायम एक तरुण पोरगा लागायचा. त्याला ते 'माझा सोबती' म्हणत. सोबती म्हणजे पिशवी धरणारा, छत्री उघडणारा, दुपारी पाय चेपणारा. त्या बदल्यात तो चर्चमध्ये पुढच्या बाकावर गुरुजींच्या शेजारी बसे. बोर्डिंगातल्या पोरांना त्या जागेचं एवढं वेड की विचारू नका. गुरुजी प्रार्थनेआधी दोनदा खाकरायचे. वर्षभरात सोबतीही तसाच खाकरायला लागायचा, आणि त्याचं बघून बाकीची पोरं. एखाद्या बुधवारच्या प्रार्थनासभेला सगळी पोरं ओळीनं खाकरू लागली की वाटायचं, अख्ख्या बोर्डिंगला डांग्या खोकला झालाय. याकोबांच्या बाटलीतलं औषध त्यावर चालण्यासारखं नव्हतं.

माझा धाकटा दीर दानिएल असाच निवडला गेला.

याकोब आणि दानिएल हे मावची आदिवासी घरातले. गाव वर डोंगरात, आमच्या कंपाऊंडापासून सकाळी निघालं तर ऊन चढेपर्यंत पोचता यायचं. दोघं भाऊ बोर्डिंगात शिकले आणि बाप्तिस्मा घेतला. सासरे केव्हाच वारले होते. सासू मात्र आपल्या जुन्या देवांचीच राहिली. तिला आम्ही याहा म्हणायचो, म्हणजे आई. काटक बाई, नाकात चांदीची चमकी, बोलणं थोडं. दानिएलचं घरचं नाव दिवाल्या, आणि याहानं त्याला मरेपर्यंत दिवाल्याच म्हटलं. हे पोरगं म्हणजे तिच्या म्हातारपणातलं शेंडेफळ. शिकलेला थोरला गेला तो कंपाऊंडचाच झाला, निदान धाकटा आपल्या माणसांत राहील, एवढी तिची आशा होती.

गुरुजींनी दानिएलला सोबती करायचं ठरवलं तेव्हा याकोबांनी आईला निरोप धाडला. ती आली ती एक कोंबडी, एक नारळ आणि नव्या टोपलीत भात घेऊन. मला आधी कळेना की हे काय. मग उमगलं. डोंगरात पोरानं मंत्र आणि औषधं शिकायची तर त्याला भगताच्या हवाली करतात. शिकणं पुरं होईतो पोरगा भगताचा. त्याच्या परवानगीशिवाय घरी यायचं नाही, आईबापानं बोलवायचं नाही. गुरूचा शब्द मोडला तर शिकलेलं सगळं वाया जातं, वर पोरावर संकट येतं, अशी त्यांची श्रद्धा. याहाला वाटलं, खालच्या लोकांचा हा भगत आहे आणि आपल्या पोराला त्यानं पत्करलंय. तिनं गुरुजींच्या ओट्यासमोर कोंबडी ठेवली, दानिएलचा हात धरून त्यांच्या हातात दिला आणि तिच्या मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली, "हाऊ मन्हा पोऱ्या आते तुमना शे. तुमी सांगशात तव्हयच तो घर यी."

भगत म्हणजे सैतानाचा हस्तक, असं दर महिन्याला व्यासपीठावरून ओरडणारा हा माणूस. त्यानं तिथंच सांगायला हवं होतं की बाई, आमच्यात असं नसतं, तुझा मुलगा तुझाच आहे. मी वाट बघत उभी होते. गुरुजींनी डोळे मिटले, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "ठीक आहे, माई. मी त्याला स्वीकारतो." कोंबडीही स्वीकारली.

ती कोंबडी शिजवायची पाळी माझी होती. जेवायला गुरुजी, याकोब, दानिएल आणि बोर्डिंगातली दोन थोराड पोरं. याहा ओट्याच्या कडेला टेकून बघत बसलेली. गुरुजींनी पातेल्यात स्वतःच्या हातानं चाचपून तंगडी काढली, दातांनी ओढून अर्धी खाल्ली, हाडाचं टोक चोखलं, ओठ पुसले, आणि उरलेली तंगडी दानिएलच्या ताटात ठेवली. "घे," म्हणाले, "आशीर्वादाचा घास आहे." त्या हाडावर त्यांच्या दातांच्या खुणा दिसत होत्या. मला वाटलं पोरगं बाजूला सारेल. पोरानं दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली आणि खाल्ली. ती दोघं पोरं अशी बघत होती की जणू त्याला राज्य मिळालं. याहाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, कारण तिच्या हिशोबी विधी यथासांग पार पडला होता. मी माझ्या वाट्याचा रस्सा परसात नेऊन कुत्र्याला घातला.

रात्रीचं आवरताना मी याकोबांना म्हटलं, "हाई काय व्हयनं अठे? आपले मूर्तीना प्रसाद चालस नही, आन हाई उष्टं चालस का?"

"जाऊ दे वं," ते म्हणाले, "मोठा मानूस शे."

"कसाना मोठा? पोट तेवढं मोठं शे त्यानं."

याकोब गालातल्या गालात हसले आणि विषय संपला. माझे यजमान देवमाणूस. देवमाणसाच्या संसारात भांडायचं काम बायकोकडं येतं.

पुढची दोन-तीन वर्षं दानिएल गुरुजींच्या सावलीत वाढला. वाचायला उत्तम शिकला, पेटी वाजवायला शिकला, नगरकडची शुद्ध मराठी बोलायला लागला. हे सगळं गुरुजींनीच दिलं, ते मी नाकारत नाही. पण तो घरी आला की 'वहिनी, भूक लागली' म्हणायचा तो बंद झाला आणि 'वहिनी, भोजन झालं आहे' म्हणायला लागला. एकदा त्याला ठेच लागली तर "आई गं" सुद्धा त्यानं शुद्ध काढलं.

खांडबाऱ्याच्या आठवडे बाजारातली एक गोष्ट सांगते. गुरुजी पोरांना घेऊन बाजारात जात ते भाजी घ्यायला नव्हे, माणसं ओळखायला शिकवायला. मिरचीच्या ढिगाशी उभं राहून ते छत्रीच्या टोकानं दाखवायचे. हा चालेल. हा दारूचा. याच्या घरी देव नाचवतात, याच्याजवळ उभंसुद्धा राहू नका. बैलबाजारात दलाल दात बघतात तसा सगळा प्रकार. त्या दिवशी मीही तिथंच मीठ घेत होते. समोरून रुमल्या आला, डोक्यावर मोळी. रुमल्या म्हणजे दानिएलचा बालमित्र. दोघांनी मिळून गुरं चारली, एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्ले, नदीत बुडणाऱ्या दानिएलला यानं केसाला धरून ओढलं होतं. मोळी खाली टाकून रुमल्या हसत पुढं झाला आणि दानिएलचा हात धरायला त्यानं हात पुढं केला.

गुरुजींनी फक्त दानिएलच्या कोपराला दोन बोटं लावली. आणि दानिएल गूळ बघायला लागला.

"दिवाल्या," रुमल्या म्हणाला, "वळखं नही का माले?"

दानिएलनं गुळाचा भाव विचारला. रुमल्यानं पुढं केलेला हात डोक्याला पुसला आणि मोळी उचलली. जाताना मला मात्र "येस मी, भाबी," असा निरोप घेऊन गेला. गुरुजी दानिएलची पाठ थोपटत होते. म्हणाले, "पहिला खडा काढताना जड जातं." मला मिठाची पुडी त्यांच्या तोंडावर मारावीशी वाटली. अजूनही वाटते.

याहा आजारी पडली ती सुगीनंतर, थंडी पडायला लागली तेव्हा. त्याच सुमाराला आमच्या कंपाऊंडात संजीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा पेटवायच्या प्रवचनांच्या सभा, भरणार होत्या. बाहेरगावचे पाहुणे, दुसऱ्या मिशनांतले पाळक येणार, मांडव पडलेला. गुरुजींना आपला सोबती सगळ्यांना दाखवायचा होता. दानिएल पेटीवर बसणार आणि प्रभूनं आपल्याला कसं बदललं त्याची साक्ष देणार, हे महिनाभर आधी ठरलेलं. चांगल्या नवरीसारखी त्याची तयारी चालली होती.

वर गावात याहाला कळलं की आपण आता उठत नाही. तिला धाकटा बघायचा होता. पण तिनं निरोप पाठवला तो दानिएलला नाही, आम्हालाही नाही. पोरगा गुरूचा होता. तिनं रुमल्याला सांगितलं, आधी गुरुजींना भेट, त्यांना विचार, ते सोडत असतील तरच त्याला आण. आपल्या मरणापायी पोराची विद्या नासू नये, ही तिची काळजी. बाजारात ज्याची ओळख नाकारली गेली होती तो रुमल्या तिच्यासाठी डोंगर उतरून आला. तो थेट गुरुजींच्या ओट्यावर गेला आणि हात जोडून निरोप सांगितला. गुरुजी म्हणाले, तू पुढं हो, मी त्याला घेऊन येतो. आणि ते स्वतः रुमल्याला फाटकापर्यंत सोडून आले. केवढी ती माया! फाटकाच्या वाटेवर आमचं घर होतं. रुमल्यानं आमच्या दारात पाय ठेवू नये म्हणून ते त्याच्या सोबत चालले, हे मला फार उशिरा समजलं.

गुरुजींनी दानिएलला काही सांगितलं नाही. याकोबांना सांगितलं नाही. त्या दिवशी दुपारी ते माझ्या घरी जेवले आणि वरणात मीठ कमी आहे म्हणाले.

सभा झाल्या. गाणी झाली, पाहुण्यांनी दानिएलचं कौतुक केलं. नंतरच्या बाजारच्या दिवशी याहाच्या गावची एक बाई मोहाच्या पानांच्या पत्रावळी विकायला आली होती. ती मला बघून थांबली. "बाई, तुमनी सासू गयी. माती बी व्हयी गयी. तुमी कोनीच कसं नही उनात?"

मी बाजार तिथंच टाकून परत आले. याकोब आणि दानिएल दोघं तसेच उपाशी वर गेले. तिथं घरासमोर रुमल्या बसलेला होता. त्यानं दानिएलला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो शांतपणानं म्हणाला, "मी गुरुजीले सांगं व्हतं. गुरुजी म्हनेत, तू जाय, मी त्याले लई येस." मग त्यानं सांगितलं की याहा दाराकडं तोंड करून पडायची. कोणी म्हणालं की पोरगा येत नाही आता, तर म्हणायची, गुरु सोडी तव्हय यी. शेवटच्या दिवशीही हेच म्हणाली.

हे मला याकोबांनी सांगितलं. दानिएल परत आल्यावर माझ्या हातचं जेवला नाही. उठून गुरुजींच्या क्वार्टरवर गेला आणि मला वाटलं, आता तिथं काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. संध्याकाळी गुरुजींची पिशवी घेऊन तो त्यांच्यामागं प्रार्थनेला चालला होता, मान खाली. मला त्या पोराचीसुद्धा किळस आली, हे स्पष्टच सांगते.

मग मी गेले. पदर खोचून गेले. गुरुजी ओट्यावर आरामखुर्चीत सीताफळ खात बसले होते. गर तोंडात घोळवायचा आणि बिया एकेक करून तळहातावर थुंकायच्या.

"या, शांताबाई," ते म्हणाले. "दुःखद झालं."

मी विचारलं, "निरोप आला होता की नाही तुमच्याकडं?"

"आला होता." त्यांनी एक बी थुंकली. "अहो, तिथं काय चाललं असेल, तुम्हाला ठाऊक आहे. भगत, धूप, ढोल. पोरगा गेला असता तर त्या धुरात बसला असता. आईचं मन मोडवलं नसतं त्याला, गळ्यात दोरा सुद्धा बांधून घेतला असता. मी त्याला वाचवलं."

"शास्त्रात तो संदेष्टा आहे ना," मी म्हटलं, "त्यानं आपल्या शिष्याला बोलावलं, तेव्हा शिष्य म्हणाला, आधी आईबापाचा मुका घेऊन येतो. संदेष्ट्यानं त्याला अडवलं नाही. हे तुम्ही आम्हाला कधी वाचून दाखवलं नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नंतर हसले, अगदी मनापासून. "याकोबरावांनी तुम्हाला वाचायला चांगलं शिकवलंय," म्हणाले. "पण अर्थ लावायला अभ्यास लागतो, बाई." आणि हात पुढं करून तळहातावरच्या बिया मला दिल्या, टाकायला. ओल्या, चिकट, त्यांच्या तोंडातल्या. मी त्या तिथंच, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र कोटावर टाकल्या आणि घरी आले. माझ्या आयुष्यात मला ज्या थोड्या गोष्टींचं समाधान आहे त्यांतली ती एक.

त्यानंतरच्या रविवारी पाळक आले होते, सभेला आलेले काही पाहुणे मागं राहिले होते, चर्च भरलेलं. दानिएल पेटीवर बसलेला. प्रवचनाला गुरुजी उभे राहिले आणि विषय पुन्हा संगत. सुरुवात नेहमीची. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"आपल्यामध्ये एक तरुण आहे," ते म्हणाले. "त्याला निरोप आला, तुझी आई शेवटच्या घटका मोजते आहे. कोणाचं काळीज हललं नसतं? पण त्या घरात अंधार होता, अंधाराची माणसं होती. तो माझ्याजवळ आला. म्हणाला, गुरुजी, माझी जागा इथं आहे, तुमच्याजवळ. आणि तो गेला नाही."

बायकांच्या बाजूला हुंदके सुरू झाले. माझ्या शेजारी सरलाबाई बसली होती, बोर्डिंगची स्वयंपाकीण, तीही पदरानं डोळे पुसत होती. पुढून कोणीतरी आमेन म्हणालं. गुरुजींनी दानिएलकडं हात केला. "ऊठ बेटा. तूच सांग मंडळीला."

आई तर गेलीच होती. आता पोरगं तरी उरणार की नाही, एवढंच बाकी होतं. तो उठून हो म्हणाला असता, नुसती मान जरी हलवली असती, तरी त्या म्हातारीचं दाराकडं बघत पडणं कायमचं गुरुजींच्या प्रवचनातला दाखला होऊन बसलं असतं. गावोगाव सांगितलं गेलं असतं. आणि दानिएल जन्मभर त्यांच्याबरोबर हिंडून तो दाखला खरा करत बसला असता.

तो उठला. पेटीचा भाता त्याच्या हाताखाली हळूहळू मिटला, त्याचा सुस्कारा सगळ्यांना ऐकू आला. गुरुजी हसून मान डोलवत होते. दानिएलनं तोंड उघडलं, खाकरला नाही, आणि त्याची ती शुद्ध मराठीही निघाली नाही.

"मन्ही याहा वाट देखी ऱ्हायनी व्हती," तो म्हणाला. "माले कोनी सांगंच नही."

एवढंच. पाळकांकडं त्यानं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं, आणि पुन्हा म्हणाला, "माले कोनी सांगंच नही." मग बाकांच्या मधून चालत दाराबाहेर गेला. तो कंपाऊंडात परत राहायला आला नाही. वर गावातच राहिला, रुमल्याच्या शेजारी घर बांधलं, आणि रविवारी आपल्या ओट्यावर आपली आपण प्रार्थना करायचा. प्रभू त्यानं सोडला नाही, गुरुजी सोडले. तो बाहेर पडला तसे पुरुषांच्या बाजूनं याकोब उठले. कधी कोणाच्या अध्यातमध्यात नसणारा माझा नवरा भर उपासनेत उठला आणि भावाच्या मागं गेला.

मी बसून राहिले. मला गुरुजींचा चेहरा बघायचा होता. माणूस आहे, कुठंतरी लाज असेल, ती एकदा डोळ्यांनी बघावी असं वाटत होतं. पाळक खाली जमिनीकडं बघत होते. पाहुण्यांपैकी एकजण चष्मा पुसत होता. गुरुजींनी रुमालानं मान पुसली.

"प्रभू त्याला क्षमा करो," ते म्हणाले. "आपण गीत गाऊ या."

आणि पेटीशिवाय, एकट्यानं, गायला लागले. काय तो आवाज! थोडाही कापला नाही. पहिल्या कडव्याला कोणी साथ दिली नाही, दुसऱ्याला चार जणांनी दिली, आणि शेवटच्या कडव्याला अख्खं चर्च गात होतं. गाणं संपल्यावर गुरुजी पुढच्या बाकावर जाऊन बसले. बसल्या बसल्या मागं वळून त्यांनी बोर्डिंगातल्या पोरांच्या बाकांवरून नजर फिरवली, सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत.

"फिलिप," ते म्हणाले. "इकडे ये. इथं बस."

फिलिप म्हणजे सरलाबाईचा मुलगा. तो जागचा हलला नाही. सगळं त्यानं ऐकलं होतं, आईनंही ऐकलं होतं. तिच्या गालावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती पुढं वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "जाय ना रे, गुरुजी बलाई ऱ्हायनात."

फिलिप उठला, केसांवरून हात फिरवला, आणि गुरुजींनी थोडं सरकून त्याला जागा करून दिली.